माझ्या उजव्या हाताची व्यवस्था

मी, जयराम लक्ष्मण केदारे, वय त्रेसष्ट, धंदा पूर्वी प्रेस ऑपरेटर व हल्ली काही नाही, राहणार सातपूर, नाशिक, हे मृत्युपत्र कुणाच्याही दडपणाशिवाय आणि डोकं ठिकाणावर असताना करून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डोक्यात राग आहे, तो दाखल्यात येत नाही. मजकूर मी सांगितला असून शेजारच्या निवृत्त शिक्षिका ललिताताई निकम यांनी लिहून घेतला आहे. सही माझ्या डाव्या हाताची आहे. बँकेतल्या जुन्या सहीशी ती जुळणार नाही म्हणून कुणी हरकत घेऊ नये. जुनी सही करणारा हात नऊ वर्षांपूर्वी गेला.

१. माझं सातपूरचं दोन खोल्यांचं घर मी माझी सून सुवर्णा संघर्ष केदारे हिला एकटीला देतो. माझी पत्नी धोंडाबाई हयात नाही. मुलगा संघर्ष याने वाईट वाटून घेऊ नये. त्याची स्वतःची रिक्षा आहे. कुणी वाकडं बोललं तर तो रिक्षा वळवून निघून जातो. सुवर्णा कंपनीत कंत्राटावर प्रेस चालवते, तिला तसं निघून जाता येत नाही. माझ्या वेळी आम्ही भाड्याच्या खोलीत राहत होतो, म्हणून मी साहेबाला 'नाही' म्हणालो नाही. हे घर त्यानंतर, धोंडाबाईच्या भाजीच्या गाडीवर उभं राहिलं. तिच्या सुनेला तरी 'नाही' म्हणता यावं.

२. कंपनीचं नाव मी इथे लिहीत नाही. ते तिने स्वतःच पुष्कळ ठिकाणी लिहून ठेवलं आहे: बसथांब्यावर, बागेतल्या बाकड्यांवर, झाडांच्या पिंजऱ्यांवर आणि माझ्या मनगटावर. मनगटाचं पुढे येईल.

३. हात कसा गेला ते लिहून ठेवणं जरूर आहे, कारण कंपनीच्या कागदात 'कामगाराचा निष्काळजीपणा' असं लिहिलेलं आहे. पत्रा दाबून माल काढणाऱ्या या प्रेसला दोन बटणं असतात, डावं आणि उजवं. दोन्ही एकदम दाबली तरच प्रेस खाली येते. म्हणजे ती खाली येते तेव्हा माणसाचे दोन्ही हात बटणांवर, बाहेर सुखरूप. ज्याने कुणी ही युक्ती काढली त्याला माझा जय भीम. आमच्या सुपरवायझरने उजवं बटण चिकटपट्टी लावून कायमचं दाबून टाकलं. म्हणाला, "केदारे, डाव्याने दाबा, उजव्याने माल भरा. डबल माल निघतो." निघाला. एके दिवशी डाव्या हाताने बटण जरा लवकर दाबलं गेलं, उजवा अजून आतच होता. मी सिव्हिलला पडलो असताना त्या प्रेसची शांती म्हणून तिच्यापुढे नारळ फोडला, असं मला भेटायला आलेल्यांनी सांगितलं. माझ्याकडे कंपनीतून कुणी फिरकलं नाही.

४. पुढे मी कंपनीच्या ऑफिसात गेलो. तिथले सुयश साहेब तरुण आहेत, बोलायला गोड आहेत, चहा विचारतात. म्हणाले, "काका, तुम्ही कंत्राटदाराचे. आमचे कामगार नाही तुम्ही." कंत्राटदाराने विम्यात माझं नावच भरलं नव्हतं, आणि त्याचा फोन लागत नव्हता. मी घरी परत आलो. दोन वर्षांनी बसथांब्यावर बोर्ड लागला की कंपनी समाजकार्य म्हणून गरजूंना मोफत कृत्रिम हात-पाय देणार. मी पुन्हा गेलो. त्याच खुर्चीत बसून, त्याच तोंडाने सुयश साहेब म्हणाले, "काका, हा पैसा नियमाने आमच्याच कामगारांवर खर्च करता येत नाही. तुम्ही आमच्याकडेच होता ना?"

मी म्हणालो, "साहेब, मग मी नेमका कोणाचा?"

म्हणाले, "वर विचारून सांगतो."

अजून विचारताहेत. गेटवर त्यांचा मोठा बोर्ड आहे: भागधारक, ग्राहक, पुरवठादार, समाज, सगळे मिळून एक कुटुंब. त्या बोर्डाखालून मी चौदा वर्षं आत गेलो. लेकरांत धरलं नाही, निदान पाहुण्यांत तरी धरायचं होतं.

५. माझी बहीण गोजराबाई बागलाण तालुक्यात सटाण्याला दिलेली आहे. तिच्या गावाजवळ कंपनीने हात-पाय वाटपाचं शिबिर ठेवलं तेव्हा तिने मला बोलावून घेतलं. मी मागे सरत होतो. ती म्हणाली, "भाऊ, आठे तुले कोन वळखस? नाव लिखी टाक." तिथे मला कुणी ओळखत नव्हतं, तरी मी माझं खरं नाव लिहिलं. कुठे काम केलं हे कुणी विचारलं नाही. कंपनीच्या मोठ्या साहेबांनी स्टेजवर स्वतःच्या हाताने मला हात बसवला. चौदा वर्षांच्या कामात ते माझ्याशी एकदाही बोलले नव्हते. फोटोवाला म्हणाला, "काका, जरा हसा." मी हसलो, याची मला अजून चीड येते. तो फोटो कंपनीच्या अहवालात छापला आहे, खाली लिहिलं आहे: 'बागलाणच्या दुर्गम भागातील शेतकरी'. माझ्या घराच्या ओट्यावरून कंपनीचा भोंगा ऐकू येतो.

६. माझा माप घ्यायचा व्हर्नियर आणि पान्यांचा संच माझा जुना सहकारी रवी गांगुर्डे याला द्यावा. कंपनीतून माझ्या घरी आलेला तो एकटाच. या मृत्युपत्राचा व्यवस्थापकही त्यालाच नेमतो. त्या सुपरवायझरला चिकटपट्टीचं एक नवीन रीळ द्यावं. ललिताताई म्हणतात, असलं काही मृत्युपत्रात शोभत नाही. मी म्हटलं, लिहा.

७. पोस्टातली शिल्लक संघर्षला. माझ्या मागे कंपनीकडून हार, बाकडं, झाड, माझ्या नावाचा बोर्ड, काहीही घेऊ नये.

८. आता हात. तो गोरापान आहे, मी काळा. तो हलत नाही. लग्नाकार्यात घालतो आणि बाजारात पिशवी अडकवायला बरा पडतो. मनगटावर कंपनीचं नाव उठवलेलं आहे, ते घासूनही जात नाही.

गेल्या महिन्यात सुवर्णाला माझ्याच जुन्या प्रेसवर लावलं. मी विचारलं, उजवं बटण कसं आहे? ती म्हणाली, "मामा, चिकटपट्टी काढली तर माल निघत नाय. माल नाय निघाला तर दुसऱ्या दिवशी गेटवरूनच परत." त्या रात्री मला जेवण गेलं नाही. सकाळी मी सुयश साहेबांकडे गेलो. म्हणाले, "काका, हा प्रॉडक्शनचा विषय आहे." शंभर जणांना हात वाटायला यांच्याकडे मंडप आहे, फोटोवाला आहे, आणि एक पट्टी सोलून काढायला माणूस नाही! संघर्षही म्हणतो, "जाऊ द्या ना अण्णा." काय जाऊ द्या? माझा एक गेला तेवढा पुरे.

तर माझी इच्छा अशी. खंडेनवमीला कंपनीत मशीनची पूजा असते. मी बौद्ध, ती पूजा माझी नाही. पण वर्षातून त्या एकाच दिवशी मोठे साहेब प्रत्येक मशीनपुढे येऊन उभे राहतात. माझ्या मृत्यूनंतरच्या पहिल्या खंडेनवमीला, मशीन बंद असताना, सुवर्णाने उजव्या बटणावरची पट्टी सोलून काढावी आणि तिथे हा हात ठेवावा, नाव वरच्या बाजूला करून. माझा खरा हात त्याच जागी असायला हवा होता. साहेबांनी विचारलं, "हा कोणाचा?" तर तिने म्हणावं, "तुमचाच, साहेब. नाव वाचा."

ही अट नाही. तिने हे केलं नाही तरी घर तिचंच. आणि केल्यावर तिला गेटबाहेर काढलं, तर त्यासाठीच तिला घर दिलं आहे.

कंपनीचा हात कंपनीला परत केला. माझा हात कंपनीकडे राहिला, तो मागत नाही. सुवर्णाचे दोन्ही हात मात्र कुणालाही दिलेले नाहीत.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे. साक्षीदारांसमक्ष सही करत आहे.

ठिकाण: सातपूर, नाशिक
दिनांक: १७ ऑगस्ट २०२५

(सही) जयराम लक्ष्मण केदारे, डावा हात

साक्षीदार:
१. (सही) ललिता वसंत निकम, सातपूर
२. (सही) समर्थ भिकाजी दोंदे, सातपूर
३. जागा रिकामी. सुयश साहेबांना विनंती केली होती. वर विचारून सांगतो म्हणाले.