मानपत्रातली सातवी ओळ

पनवेल,
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

चि. परेश यास स्वानंददादाचे अनेक आशीर्वाद.

गणपतीपासून पत्र नाही, फोन नाही, याबद्दल आधी माफी. (कामाचं कारण देणार होतो, पण काम नव्हतं.) मावशीचं बीपी आटोक्यात आहे ना? तुझा गुडघा नाशिकच्या थंडीत दुखतो का?

इथे माझं डोकं फिरलंय. आपल्या फुटबॉल क्लबचे हेडकोच दिनानाथसर अकरा वर्षांनी निवृत्त होताहेत. पुढच्या रविवारी सत्कार, आणि मानपत्र लिहायचं माझ्याकडे, कारण क्लबचा मॅनेजर मी आणि नोंदी माझ्या. आठवडाभर एकेक सामना तपासून बावीस पानं काढली, तर अध्यक्ष काशिरामशेठ (कळंबोलीत लोखंड विकतात, माणसंही वजनावर जोखतात) फ्रेम आधीच घेऊन आले! तिच्यात चौदा ओळी बसतात. दोन चषक, दोनदा खालच्या गटात घसरण, सगळं चौदा ओळींत. वर म्हणतात, "इतिहास नको हो, विशेषणं टाका." मी भडकलो. हे मानपत्र आहे की लग्नपत्रिका? जर्सी धुणाऱ्या गुणाबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "सर वाईट नाय. शिव्या द्यायचे, पन सगल्यांना सारख्या." अकरा वर्षांचं इतकं नेमकं मूल्यमापन मला बावीस पानांत जमलं नव्हतं. समितीने त्याचं 'समदृष्टी' केलं.

मग मीही हट्टाने सातवी ओळ घातली: 'कोणाचेही न ऐकता स्वतःच्याच मताने चालणारे.' दिसायला स्तुती, पण तुला कळेल. नऊ वर्षांपूर्वीची फायनल, तुझ्यासारखा स्ट्रायकर नव्वद मिनिटं बाकावर, आणि आपण एका गोलने हरलो. कारण विचारलं तर सर म्हणाले, "माझा निर्णय." संपलं! तू खेळ सोडलास, पनवेल सोडलंस. त्यांचं नाव निघालं की मावशी अजून ताटावरून उठते. अशा हेकट माणसाचे गोडवे मी गायचे? काशिरामशेठना मात्र ती ओळ फार भारदस्त वाटली.

तुझा,
स्वानंददादा

ता. क. फायनलची तारीख पडताळायला जुनी डायरी काढली. (एवढा काटेकोरपणा नडला.) आदल्या संध्याकाळची नोंद, अक्षर माझंच: 'परेश इंजेक्शन घेऊन खेळणार आहे. गुडघा कायमचा जाईल. सरांना सांगितलं. माझं नाव सांगू नका म्हटलं. चुकलं का?' मी हे खरंच विसरलो होतो, की सोयीने विसरलो, आता ठरवता येत नाही. कोणाचंही न ऐकणाऱ्या माणसाने एकदा ऐकलं ते माझं, आणि नऊ वर्षं माझ्याही शिव्या खाऊन नाव सांगितलं नाही. वरचा मजकूर खोडत नाही. माझा राग तुला जसाच्या तसा दिसू दे.

ता. ता. क. रविवारी येशील? शाल तुझ्या हातून दिली जावी असं वाटतं. मावशीला मीच सांगेन. माझ्यावर रागावलास तरी ये, समोर बोल. फ्रेममध्ये एक ओळ रिकामी दिसेल, काशिरामशेठ ओरडतील. ओरडू देत.

उद्याचं माझं पहिलं काम: पेंटर अक्षरं रंगवायला बसण्याआधी त्याला गाठून सातवी ओळ काढायला लावणे.