दुपारची रात्रपाळी

९ मार्च, दुपारचा चहा झाल्यावर

माझ्या लाडक्या घुबडास,

मावशीचे पोटभर आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. काकांचा गुडघा कुरकुरतो, पण काकांपेक्षा कमीच. तुझी राहिलेली ओढणी धुऊन घडी करून ठेवली आहे. फोन न करता पत्र का, असं विचारशील. फोनवर तू हसतेस आणि विषय बदलतेस. कागदापुढे तुझं काही चालणार नाही, म्हणून.

पुढच्या सोमवारी तू दवाखान्याच्या लॅबमध्ये कायमच्या रात्रपाळीला होकार देणार, तशा कागदावर सही करणार, हे जाताना दारात चपला घालत सांगून गेलीस. तेव्हा मी 'बरं' म्हणाले. ते 'बरं' मला परत घ्यायचंय.

दिवसा झोपता यावं म्हणून तुझ्या खोलीच्या खिडकीला तू चिकटवलेला काळा कागद अजून काढलेला नाही. काल केर काढायला आत गेले आणि दार मागे आपोआप लागलं. बाहेर शाळा सुटलेली, पोरांचा कालवा ऐकू येत होता, आणि आत मध्यरात्र. हात पुढे केला तर माझाच हात मला दिसेना. आपण इथे किती वेळ उभ्या आहोत तेही कळेना. केर तसाच टाकून बाहेर आले. हसू नकोस.

तू इथे असताना आमच्या रोपवाटिकेतल्या शेवंतीबद्दल विचारलं होतंस, की ही रोपं एवढी तजेलदार, मग फूल का नाही? मी म्हटलं, वेळ आहे अजून. खरं ते सांगितलं नाही. शेवंतीला मोठी रात्र लागते. तेवढा सलग अंधार मिळाला की ती कळी धरते. आम्हाला फुलं उशिरा हवी असली की रात्री मधेच थोडा वेळ दिवे लावतो. बस, तेवढंच. रोपाला वाटतं दिवस मोठा आहे. पानं येतात, उंची येते, हात लावावासा वाटतो, आणि आत काहीच घडत नाही. एकदा पहारेकऱ्याने स्वतःला पेपर वाचायला कडेच्या वाफ्यावर बल्ब टांगला. सगळी शेड पिवळी झाली, तो एक वाफा हिरवाच राहिला. त्याच्याजवळून जाताना मला उगाचच हळू चालावंसं वाटायचं.

बाई काही झाड नाही, हे मलाही कळतं. पण डॉक्टरबाईंचं बोलणं तू नकला करत सांगितलंस ना, ते मी नीट ऐकत होते. अंगात एक घड्याळ असतं, ते उजेड-अंधारावर चालतं. अंधार पडला की झोपेचं हार्मोन वाढतं, आणि रात्रभर दिव्याखाली बसलं की ते दबतं. झोपेची वेळ सारखी हलली की इन्सुलिनचं काम बिघडतं, मग बाकीच्या हार्मोन्सचीही घडी विस्कटते. बीजं अर्धवट वाढून अंडाशयात तशीच राहतात, पाळी लांबते, हनुवटीवर राठ केस येतात. तुझा हा आजार नुसत्या रात्रपाळीने होतो असं त्या म्हणाल्या नाहीत, घराण्यातूनही येतो म्हणाल्या. पण असलेला वाढू शकतो, म्हणून जमलं तर दिवसपाळी माग म्हणाल्या. आणि त्यात आम्ही शहाणे! तुझ्या सुट्टीला तुला दिवसभर गप्पांना जागवतो, वर म्हणतो, पोरगी किती हौशी. तुझ्या घड्याळाचे काटे आम्हीही फिरवतोच की.

आता जे सांगायला बसले ते सांगते. इतका वेळ मी गोल गोल फिरते आहे.

मंगळवारी भर दुपारी तू खोलीतून बाहेर आलीस. अंगावर दवाखान्याचा पांढरा कोट. उन्हाने घर भरलेलं, तरी तू एकेक करत सगळ्या ट्यूब लावल्यास. मी म्हटलं, अगं, दिवस आहे. तू माझ्याकडे पाहिलंस. डोळे उघडे होते, पण मी त्यांत नव्हते.

"बसा बाई," म्हणालीस. मी बसले. खिशातून, रक्त घेताना बांधतात तो रबरी पट्टा काढून माझ्या दंडाला बांधलास, बोटाने शीर चाचपलीस. "मूठ आवळा." मी आवळली. तुझ्या हातात सुई नव्हती गं, नुसती चिमूट होती. तरी मला टोचलं. मग त्या जागी माझाच अंगठा ठेवून दाबून धरायला सांगितलंस, आणि रोज शंभर जणांना विचारावं तशा कोरड्या आवाजात विचारलंस, "पाळी कधी आली होती?"

मी म्हटलं, "माझं आता वय झालं, बाळ."

तू मान हलवलीस. म्हणालीस, "माझंही झालं." आणि आत जाऊन दार लावून घेतलंस.

संध्याकाळी उठलीस ती हसत, चहात आलं कमी म्हणत. तुला काहीच आठवत नव्हतं. मी ट्यूब बंद केल्या आणि तुझ्या चहात आलं किसलं. त्या टोचल्या जागी दुसऱ्या दिवशी निळसर डाग उठला. काका म्हणाले पट्ट्याने उठला असेल. असेलही.

सव्विसाव्या वर्षी 'वय झालं' हे वाक्य तुझ्या तोंडून कोण बोललं, ते मला कळत नाही. पण ते खोटं आहे एवढं मला कळतं, आणि ते तुला जागेपणी ऐकवायला हवं. पाळी लांबली म्हणजे वय झालं नाही. डॉक्टरबाईंनी औषध दिलंय, सगळ्या वाटा बंद झालेल्या नाहीत. रक्त तपासणाऱ्या मुली दिवसाही लागतात. डॉक्टरबाईंची चिठ्ठी घेऊन तुमच्या ड्यूट्या लावणाऱ्या मोठ्या बाईंसमोर उभी राहा. नाही म्हणाल्या तर नाही म्हणू देत, पण नकार त्यांच्या तोंडून येऊ दे. तुझ्या सहीने नको.

रागावलीस तरी चालेल. रागावलेलं माणूस निदान जागं असतं.

सोमवारच्या आत, डोळे उघडे ठेवून, मला हाक मारशील याची वाट पाहणारी,

तुझी मावशी