टाळ्या चिरकतात तिथे

३ नोव्हेंबर, सोमवार

निहारचा अल्बम पुन्हा निघतोय. काळ्या मोठ्या रेकॉर्डवर! जर्मनीच्या कुठल्याशा कंपनीने म्हणे स्वतःहून विचारलं. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर सकाळपासून नुसतं कौतुक. 'आपल्या दुर्गापुऱ्याचा निहार.' मीही एक अंगठा टाकला आणि फोन उशीखाली कोंबला.

जळते मी. इथे तरी कबूल करते.

४ नोव्हेंबर

अनिमेषला वाटतं माझं डोकं दुखतंय. नवऱ्याला काय सांगू? त्या अल्बममध्ये जे गाजलं — कॉम्प्युटरच्या डान्स बीटवर आरतीच्या टाळ्या, आधी सावकाश, मग चढत चढत अंगावर येणाऱ्या — ते मला सुचलेलं. मंडळाच्या गणपतीत मीच म्हटलं होतं, 'निहार, हे घे ना.' त्याच्या गच्चीवर तळहात लाल होईस्तोवर टाळ्या वाजवल्या त्याही मीच. मग बँकेने बाबांची बदली नागपूरला केली, आणि अल्बम निघाला तो एकट्या निहारच्या नावाने. आता लग्नातले डीजेसुद्धा तसल्या टाळ्या वाजवतात. निहार स्टाईल म्हणे. डोंबल निहार स्टाईल!

९ नोव्हेंबर

गोव्याहून निहारचं कुरियर, आता तिथेच असतो तो. छपाईआधीची नमुन्याची रेकॉर्ड, कोरं पांढरं कव्हर. सोबत चिठ्ठी — 'अनुया, नीट ऐक. तू हो म्हणालीस की छापायला सांगतो.'

मतलब, दाखवायला पाठवलीय. माझी शाबासकी हवीय साहेबांना.

१० नोव्हेंबर

'ऐकलीस का?' निहारचे सारखे तेच मेसेज. नाही ऐकली. जा.

१२ नोव्हेंबर

शहराच्या या टोकाला, सासरच्या मुरलीपुऱ्यात, रेकॉर्ड प्लेअर कुणाकडे असणार? पण वरच्या मजल्यावरच्या शर्माजींकडे निघाला. ऐकली. मेलं खरंच छान आहे, तेच तर दुखणं.

पण दुसऱ्या बाजूला, अगदी शेवटी, सुई मध्याकडे सरकली की टाळ्या चिरकतात. गरम तव्यावर पाणी शिंपडल्यासारख्या. शर्माजींनी कानावर हात ठेवला — 'ये क्या हो गया?' त्यांना कळतं आणि निहारला कळू नये? की आता एवढा मोठा झाला की स्वतःचं ऐकतही नाही?

लिहून टाकलं, 'एकदम मस्त. छाप.' छापू दे. होऊ दे जगभर शोभा.

१३ नोव्हेंबर

'थँक यू ग. उद्या कारखान्याला कळवतो,' निहारचं उत्तर. बरं वाटायला हवं होतं. ऑफिसातून डबा तसाच परत आणला.

संध्याकाळी कणीक मळताना डोक्यात आलं — चिरकतात त्या टाळ्या माझ्या आहेत. नाव त्याचं आणि शोभा माझी? वा रे वा.

१४ नोव्हेंबर

सकाळीच फोन केला. म्हटलं, 'छापू नकोस. खोटं बोलले मी. दुसऱ्या बाजूला शेवटी टाळ्या चिरकतात.'

मग त्याने त्याच्याकडची रेकॉर्ड तिथेच लावली. मला फोनमधूनसुद्धा टोचत होतं.

'आता चिरकतायत?' त्याने विचारलं.

मला वाटलं, चिडून बोलतोय.

'सांग ना अनुया. मला असले बारीक आवाज येत नाहीत आता. कुणाला बोललो नाहीये. म्हणून तर तुझ्याकडे पाठवली.'