वळण आलं हो, घट्ट धरा!

ती. दादा,

धाकट्या स्यू-च्यूचा काओशुंगपर्यंत वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? वहिनी आल्याचा शेक देतात तेव्हा ओरडत जाऊ नका, शेजारी घाबरतात. मी ठणठणीत आहे. आमच्या तिंग-कांगने तुम्हाला फोन करून "आईचं डोकं फिरलंय" असं सांगितलंच असेल, म्हणून खरं काय ते मीच लिहिते.

आमचे हे शहरातल्या दवाखान्यात वारले. तिथून त्यांच्या आत्म्याला घरी आणायचं काम मुलाचं. प्रत्येक पुलाला, प्रत्येक वळणाला "बाबा, पूल आला, या" अशी हाक मारायला नको का? नाहीतर माणूस वाट चुकणारच की! आमचा पठ्ठ्या नव्या बोगद्यातून सुसाट आला, तेही साहेबांशी फोनवर बोलत. घरी ह्यांच्या नावाच्या पूजेच्या पाटीपुढे मी लाकडाचे दोन ठोकळे टाकून कौल लावला. एक ठोकळा उताणा, एक पालथा पडला असता तर पोचले म्हणायचं. पडले दोन्ही पालथे. पुन्हा लावला, पुन्हा तेच. तिंग-कांग म्हणतो, "पुजारीबुवांना सांगू, करतील काहीतरी." मी म्हटलं, "तुझ्या बापाने जन्मात बोगदा पाहिला नाही. ते येतील ते डोंगरातल्या जुन्या रस्त्याने आणि आपल्याच मोटरसायकलवरून." (ती मोटरसायकल भंगारात द्यायचं घाटत होतं, दादा! ह्यांचा हात फिरलेली तेवढीच एक वस्तू उरलीय मला.) सून म्हणाली, "आई, वय काय तुमचं?" म्हटलं, "बाई गं, चहाच्या मळ्यातून मी ही गाडी हाणत होते तेव्हा तुझ्या आईचंही लग्न व्हायचं होतं." मग पोराने किल्ली लपवली. कुठे? तांदळाच्या डब्यात. रोज भात कोण शिजवतं घरात?

दवाखान्याच्या दारात हँडलला पत्र्याचा डबा बांधला, त्यात उदबत्ती पेटवली, मागच्या सीटवर ह्यांचं हेल्मेट आवळलं आणि म्हटलं, "बसा." त्या रस्त्याला सरळ असं काही नाहीच. "डावीकडे वळण आलं हो, घट्ट धरा! पूल आला, पूल!" घसा बसला माझा. (जन्मभर मी मागून "हळू, हळू" ओरडले, तेव्हा ऐकलं का कधी?) मोठमोठ्या गाड्यांवरचं एक टोळकं मागे लागलं. त्यांना वाटलं म्हातारी वाट दाखवतेय. पुढची मुलगी विचारते, "आजी, आता कुठे?" मी ओरडले, "उजवीकडे, आणि कुत्रं आहे!" झालं, सगळी वरात "उजवीकडे, कुत्रं!" म्हणून बोंबलायला लागली. ह्यांना वाटलं असेल, कुठल्या लग्नाला नेतेय ही.

पुढे पोलिसाने अडवलं. रिकामं हेल्मेट पाहिलं, उदबत्ती पाहिली, आणि स्वतःची टोपी काढून बाजूला झाला. म्हणाला, "आजोबांना म्हणावं, सांभाळून." सुपारीच्या टपरीवर मी त्यांच्यासाठी एक सुपारी घेतली. डॉक्टरांनी बंद केली होती, पण आता काय दात जायचेत! चहाच्या मळ्यांवरच्या वळणाला मात्र रडू कोसळलं, दादा. मागे वजनच लागत नव्हतं. तरी थांबले नाही. उदबत्ती संपत आली होती, तिच्यावरच दुसरी पेटवली आणि निघाले.

घरी येऊन कौल लावला, आणि तिंग-कांगला सांगितलं, दोन्ही पालथे. बहुतेक कुत्र्याच्या गडबडीत एका वळणाची हाक राहिली. रविवारी पुन्हा जावं लागणार. तो डोकं धरून बसलाय.

तुमची,
स्यू-च्यू

ता. क. त्याचा फोन आला की मामा म्हणून ठणकावून सांगा, आत्मा वाटेत राहिला तर बायकोनेच जायचं असतं, आणि तो घरी येईपर्यंत गाडी भंगारात देता येत नाही. तुमचं तो ऐकतो.

दुसरा ता. क. हे वाचून झालं की चुलीत घाला. त्या दिवशी कौल लावला तेव्हा घरात कोणी नव्हतं. पहिल्याच खेपेला एक उताणा, एक पालथा. हे सुखरूप पोचलेत. मग मी विचारलं, "रविवारी परत जायचं का?" दोन्ही उताणे पडले. म्हणजे हसले, दादा.