अर्धा राहिलेला गोंधळ

४ डिसेंबर, नांदेड
पाठक सरांचा फोन. लातूरच्या महोत्सवाचं निवेदन यंदाही माझ्याकडेच. या वेळी मी अट घातली. लोककलेच्या सत्रात आप्पांचा गोंधळ ठेवा, माझ्या वडिलांचा. सर म्हणाले, "मॅडम, तुमचे वडील गोंधळी आहेत, कधी बोलला नाहीत." बोलायला विचारलं कुणी होतं? कॉलेजात मराठी शिकवणारी, स्वच्छ बोलणारी बाई हवी असते त्यांना. घर कुठलं, ते कशाला.
दहा मिनिटं मिळाली. एवढं मिळवायला महोत्सवात किती वर्षं घसा कोरडा केला.

५ डिसें.
लातूरजवळच्या मुरुडला, घरी फोन. आप्पा म्हणाले, "धा मिन्टात काय व्हतंय माय? तेवढ्यात देव गावच्या शिवंला बी येत न्हाईत." पण खुशी काही लपत नव्हती. जन्मभर लोकांच्या मांडवात, अंगणात उभे राहिले, पडद्याच्या रंगमंचावर कधी नाही. नंतर संजूने फोन घेतला. भाऊ माझा, संबळ वाजवतो. "ताई, नवं धोतर आणायला सांगायलेत. तू लावलंस नादी, आता तूच निस्तर."

१५ डिसें.
आप्पांना पुन्हा समजावलं. दोन-चार देवांना बोलवा, थोडी कथा, लगेच आरती, संपलं. "हाव, हाव." तंबाखू सोडा म्हणणाऱ्या डॉक्टरलाही ते असंच हाव म्हणतात.
संजू म्हणाला, स्टेजवरचा गोंधळ म्हणजे नुसतं दाखवणं, त्यात देवाचं काय? मलाही तसंच वाटतं. आप्पांना मात्र दाखवण्याचा गोंधळ म्हणजे काय ते कळतच नाही.

७ जाने., लातूर
उद्घाटन. प्रमुख पाहुणे उशिरा. सत्कार, शाली, मग सत्कार करणाऱ्यांचे सत्कार. मी गोड आवाजात सगळ्यांची नावं वाचत राहिले. एक राहिलं, त्याचा रुसवा काढायला चहा. कला अजून सुरू व्हायची आहे.
उद्या आप्पा.

९ जाने., लातूर
काल लिहवलं नाही. आज तरी लिहावं.
काल सकाळीच आप्पा-संजू आले. दिवटी सभागृहात पेटवायची नाही, आगीचा नियम. ठीक. पण बाहेर फाटकाशी पाहुण्यांबरोबर फोटो काढायला तीच दिवटी पेटवून घेतली, आणि फोटो झाल्यावर विझवा म्हणाले. आत बॅटरीवरची, लाल कागदाची ज्योत. आप्पांनी ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि संजूकडे दिली.
रंगमंचावर समितीने थर्माकोलचा कलश ठेवला होता. आप्पांनी तो उचलून बाजूला ठेवला. पिशवीतून स्वतःचा चौक काढला. कापड, त्यावर तांदूळ, तांब्याचा कलश, पानं, सुपारी. हळद-कुंकू वाहिलं. मी विंगेत. तेव्हाच कळलं. हे दाखवणं नव्हतं. आप्पा खराच गोंधळ घालणार होते, आणि खरा गोंधळ एकदा मांडला की आरती करून देवांना निरोप दिल्याशिवाय उठता येत नाही. लहानपणापासून मला हे माहीत आहे. मी आत जाऊन थांबवायला हवं होतं, नाहीतर सरांना तरी सांगायला हवं होतं.
संबळ सुरू झाला. काय आवाज लागला होता आप्पांचा. समोर बसलेले फोन खाली ठेवून ऐकू लागले. आप्पा एकेका देवाला गावाच्या नावाने बोलावत होते. तुळजापूर, माहूर, जेजुरी. एकही गाव सोडायला तयार नाहीत, सोडलेला देव रुसतो म्हणतात. दहा मिनिटं तिथेच संपली. कथा दूरच. पलीकडच्या विंगेत मुंबईचा नाचाचा ग्रुप चमचमत उभा, पाठक सर माझ्या कानाशी. "मॅडम, आवरा. पाहुण्यांना निघायचंय."
उद्घाटनाला तास गेले तेव्हा कुणी आवरा म्हणालं नाही.
मी माईक घेतला. "मराठवाड्याची ही अस्सल परंपरा! ज्येष्ठ लोककलावंतांसाठी जोरदार टाळ्या!" नावही घेतलं नाही. वडील आहेत, ही तर लांबची गोष्ट. आप्पांनी माझ्याकडे हात केला, थांब म्हणाल्यासारखा. त्यांना वाटलं, पोरगी चुकून मध्येच बोलली. मग पडदा पडला.
पोरं झाडू घेऊन धावली. नाचणाऱ्यांचे पाय घसरतील म्हणून चौकावरून झाडू फिरवला. कलश लवंडला. आप्पा खाली बसले आणि हाताने तांदूळ गोळा करून उपरण्यात बांधू लागले. संजूही बसला. माझ्या हातात पुढचं निवेदन होतं. मी ते वाचलं. छान वाचलं.

१० जाने., नांदेड
संजूचा फोन. "घरी येईपर्यंत आप्पांनी तांदळाची गाठ मांडीवरून हलवली न्हाई. औशाच्या फाट्यावर च्या घेऊ म्हणलं तरी न्हाई."
सरांचा मेसेज: सत्र अप्रतिम झालं.

२८ जाने.
महोत्सवाची 'ठळक क्षणचित्रे' आली. ढोल, दिवे, ड्रोन. आप्पा फाटकाशी पेटती दिवटी धरून, शेजारी पाहुणे. लगेच माझा आवाज, जोरदार टाळ्या. मागे कसलीतरी बासरी. संबळ नाही, आप्पांचा आवाज नाही. एवढ्यासाठी मी अट घातली होती.

१६ फेब्रु.
संजू चिडलाय. औशात लग्नघरचा गोंधळ ठरला होता, आप्पा गेलेच नाहीत. "मांडलेला अर्धा टाकून दुसरा मांडायचा न्हाई म्हणतेत. मी चुलतभावाला घेऊन केला कसाबसा. लोकं आप्पालाच इचारायले. ताई, ह्यांनी दिवटीला हात बी लावला न्हाई तवापासून."
वर्गात आज लोकसाहित्याचा पाठ होता. गोंधळाची अंगं फळ्यावर लिहिली. पोरांनी उतरवून घेतली. माझीच मला लाज वाटली.

१ मार्च, मुरुड
रविवार म्हणून आले. देवळीत उपरण्याची गाठ तशीच आहे. गोंधळ पुरा होईपर्यंत ते तांदूळ ना शिजवायचे, ना वाहत्या पाण्यात सोडायचे.
आप्पांनी ती क्षणचित्रं बघायला मागितली. संजूने डोळ्यांनी नको नको केलं. दाखवली. बघून झाल्यावर म्हणाले, "म्होरं?"
"एवढंच आहे आप्पा."
"आसं."
मी म्हटलं, राहिलेला गोंधळ इथेच अंगणात पुरा करू. मी बसते, कॉलेजला रजा टाकते. आप्पांनी मान हलवली. "देव बोलावले तितं माय. हितं कसे येतील ते?"
"मग काय करायचं?"
"मी काय करू? पडदा माज्या हातात हाय का?" रागावले नव्हते, हेच जास्त लागलं. नंतर म्हणाले, "आपल्या मुरुडच्या देवीला हाक मारायची राह्यली होती बग. लई जवळ आलो होतो."

२ मार्च, नांदेड
सरांना फोन केला. त्याच रंगमंचावर एक सकाळ आप्पांना द्या, प्रेक्षक नकोत, माईक नको. सर हसले. वाईट हसले असंही नाही. "मॅडम, भावना समजते. पण समितीपुढे हे कसं मांडू?" मी म्हटलं, जसं मांडायचं तसं मांडा, ते माझे वडील आहेत. पहिल्यांदाच मी एवढ्या मोठ्याने बोलले. "बघू" म्हणाले.

१९ मार्च
सरांचा मेसेज. वाटलं, सकाळ मिळाली. उघडला. 'पुढील वर्षीचं निवेदनही आपणच करावं ही विनंती. आपल्याशिवाय महोत्सव अपूर्ण.'
अपूर्ण. हा शब्द त्यांनीच लिहिलाय.
रात्रीच्या जेवणाआधी आप्पांना फोन करून सांगितलं. म्हणाले, "जा की. तितं देव आजून ताटकळत बसलेत. तू गेलीस तर निदान वळखीचं कुनी दिसंल त्यास्नी."
सरांना हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही.