वारगुलचे दोन प्रतिनिधी

१ ऑक्टोबर, सोमवार

गठ्ठा आला एकदाचा. दोनशे बारा पानं! चर्चची प्रांतिक सभा वीस तारखेला हॉर्शमला, आणि कागद आज पाठवतात. ठराव क्रमांक नऊ, पान एकशे एकतीस — वारगुलचं चर्च डिसेंबरअखेर बंद करावं, इमारत विकावी, मंडळीने टार्कनच्या चर्चमध्ये सामील व्हावं. चार ओळी. एकशे सात वर्षांच्या चर्चला चार ओळी! खाली हजेरी लिहिली आहे, ‘सरासरी सहा.’ साफ खोटं. आठ असतो आम्ही, मी धरून. मी मोजते ना दर रविवारी.

आणि मला जाता येत नाही! सलग सहा वर्षं प्रतिनिधी झालं की तीन वर्षं घरी बसायचं, असा नियम. तो करताना मीच हात वर केला होता, काय बोलणार. मागच्या खुर्च्यांवर बसून ऐकता येईल, तोंड उघडायचं नाही.

मग वारगुलतर्फे बोलणार कोण? लोर्ना पेट्शेल, वय ब्याऐंशी, जिने उभ्या जन्मात कोणाला ‘नाही’ म्हटलेलं नाही. आणि नेव्हिल हॅमिल, जो हवामानाच्या अंदाजापलीकडे काही वाचत नाही. या दोघांच्या भरवशावर चर्च वाचवायचं आहे मला.

३ ऑक्टोबर, बुधवार

दोघांना फोन केला. नेव्हिल म्हणाला, “दोनशे पानं? माझा प्रिंटर ढेकर देऊन बंद पडलाय.” म्हटलं, बरं, मी काढून आणते. लोर्नाला म्हटलं, गठ्ठा वाचलास का. “हो गं, सुंदर आहे.” सुंदर! पान एकशे एकतीस वाचलंस का, तर म्हणते, “तिथवर पोचले नाही, पण सुरुवातीची प्रार्थना फार छान आहे.”

शुक्रवारी दुपारी हॉलमध्ये बोलावलं आहे दोघांना. तालीम घेतल्याशिवाय काही खरं नाही.

५ ऑक्टोबर, शुक्रवार

डोक्याला नुसता ताप!

कार्डं घरीच केली — पुठ्ठा कापून, रंगवून. आमच्या सभेत हात वर करून मतं मोजत नाहीत. प्रत्येकाकडे दोन कार्डं असतात. कोणी बोललं की ते पटलं तर नारिंगी छातीशी धरायचं, नाही पटलं तर निळं. अध्यक्ष सगळा हॉल बघतात आणि वारा कुठला आहे ते ओळखतात. निळी फार असली तर ठराव पुढे जात नाही, परत बोलणं होतं. इतकं सोपं! शाळेतली पोरं करतील.

मी ठराव वाचला, अगदी त्यांच्या सुरात, ‘प्रेमाने आणि दुःखाने’ वगैरे. लोर्नाने नारिंगी उचललं.

“लोर्ना! हा आपलं चर्च बंद करायचा ठराव आहे.”

“ते कळलं गं. पण बिचारा माणूस उभा राहून इतकं बोलला. त्याच्या तोंडावर निळं दाखवायचं? कसं दिसेल ते!”

पाच वेळा केलं. पाचही वेळा नारिंगी. एकदा तर मी नुसता घसा खाकरला, तरी नारिंगी! नेव्हिल खुर्चीतून पडायचा राहिला हसून. “हेडमास्तरीणबाई, तिला पास करून टाका, वयाकडे बघून.” मी शाळेच्या ऑफिसात सव्वीस वर्षं होते, तेव्हापासून हे नाव चिकटवलंय मेल्याने. त्याला म्हटलं, तू आधी तुझी दोन्ही कार्डं टेबलावरनं उचल, त्यावर चहाचा कप ठेवलायस.

जाताना गेटवरच्या मॅगपायने लोर्नाच्या टोपीवर झडप घातली. पिल्लांचे दिवस आहेत, हे पक्षी अंगावर धावून येतात नुसते. ती त्यालासुद्धा “सॉरी हं” म्हणाली.

७ ऑक्टोबर, रविवार

आठ. लिहून ठेवते, म्हणजे कोणी सहा म्हणायला नको.

पाळक सहा आठवड्यांतून एकदा येतात, त्यामुळे आज उपदेश मीच वाचला. दुसऱ्या गीताला सूर कोणी धरेना. लोर्ना पेंगत होती, नेव्हिलचं लक्ष खिडकीबाहेर. मेले गायला येतात की झोपायला?

घंटा वाजवताना अजून वाटतं, माझा नवरा मर्व्ह मागून म्हणेल, “अ‍ॅव्हिस, दोर हळू.” एकोणचाळीस वर्षं तीच घंटा वाजवली त्याने. दोन वर्षं झाली जाऊन. खरं सांगायचं तर शनिवारी मी फुलं आणते, हीटर लावून बघते, गीतांचे आकडे फळ्यावर लावते. सोमवारी कप धुते. हे सगळं नसलं तर आठवडाभर मी उठू कोणासाठी? हे सभेत कोणाला सांगणार नाही. पण ते चर्च बंद झालं तर मी संपले, हे या पानाला तरी कळू दे.

१० ऑक्टोबर, बुधवार

नेव्हिलचं भाषण लिहून दिलं. तीन मिनिटं, घड्याळ लावून. तीन मुद्दे: सर्वांत जवळचं दुसरं चर्च अडतीस किलोमीटर लांब, म्हाताऱ्यांना गाडी चालवणं जड, आणि आमच्या हॉलमध्ये गावातली सगळी लग्नं, सगळे वाढदिवस, सगळे चहा होतात. साध्या भाषेत लिहिलं. “हे ‘जड’ काढ,” म्हणे. “मी गाडी चालवतोच की, कुठे जड आहे.” म्हटलं, तुझ्यासाठी नाही, इतरांसाठी. “इतर कोण?” म्हटलं, लोर्ना! “लोर्नाला मी नेतो-आणतो की.” अरे, कोणाच्या बाजूने आहेस तू!

शेवटी कागद खिशात घातला आणि म्हणाला, “गवत कापून पडलंय माझं. पाऊस आला तर माझ्याऐवजी सभेला माझं गवत घेऊन जा.” मी दार आपटलं. नंतर वाईट वाटलं. नंतर परत राग आला.

१३ ऑक्टोबर, शनिवार

आज फक्त लोर्नाची तालीम. तिच्याच स्वयंपाकघरात. गठ्ठ्यातल्या पानांच्या मागे तिने विणकामाचे टाके लिहून ठेवलेत. पान एकशे एकतीसवर मोज्यांची टाच!

कार्डं काढली. ठराव वाचला. नारिंगी.

मी कप आपटला आणि नको ते बोलले. म्हटलं, तुला कळत नाही, का तुला कळून घ्यायचंच नाही? तिने ओव्हनमधून स्कोन काढले, फडक्यात गुंडाळले, आणि माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, “अ‍ॅव्हिस, तुला खरंच वाटतं, हे असं चालू राहील?”

“चालू आहेच की! अकराला दार उघडतं, आठ माणसं येतात, चहा होतो. अजून काय हवं?”

“काही नाही गं. जॅम घे. जर्दाळूचा आहे.”

असं बोलणं अर्धवट टाकते ना, अंगाची लाही होते! साठ वर्षं एकाच गावात राहून आम्ही एकमेकींना जॅम घे, फुलं छान आहेत, हेच सांगत आलोय. सरळ बोलायचं म्हटलं की कोणाला तरी किटली ठेवायची आठवण होते. माझ्यासकट.

१४ ऑक्टोबर, रविवार

आठ. परत पेंगली.

१७ ऑक्टोबर, बुधवार

जमलं! देवा, जमलं! लोर्नाने सहापैकी सहा वेळा निळं धरलं. मी आवाज बदलला, गोड बोलले, मध्येच खोकले, एकदा तर रडल्यासारखंही केलं. तरी निळं! रंग ओळखायला आता अंधारातही चुकणार नाही. तिला मिठी मारली. ती म्हणाली, “तू इतकी मेहनत घेतलीस, मी शिकणारच की.” डोळे जरा ओले वाटले तिचे. माझेही होते.

१८ ऑक्टोबर, गुरुवार

पाऊस. नेव्हिलचा फोन बंद. गवताबरोबर तोही भिजतोय बहुतेक.

१९ ऑक्टोबर, शुक्रवार

नेव्हिल येतोय. “गवत गेलं ते गेलं. येतो मी. तू सकाळी सहाला फोन करू नकोस, म्हणजे झालं.” डब्यात सँडविच — बीट आणि चीज, त्याला आवडतं ते. नवीन शाईने भाषण परत लिहून ठेवलं. आज मला बरं वाटतंय.

२० ऑक्टोबर, शनिवार

संध्याकाळचे सहा. लिहायलाच हवं. नाही लिहिलं तर कोणाला तरी फोन करून ओरडेन.

हॉर्शमचा हॉल भरलेला. नव्वद-शंभर माणसं. अध्यक्षबाईंचं नाव मेले तोंगा, टोंगा बेटांवरच्या, तिकडच्या रीतीप्रमाणे मानाची विणलेली चटई कंबरेला बांधलेली, आवाज मऊ. मी मागे, भिंतीला लागून. ठराव नऊ आला जेवणानंतर, सगळ्यांचे डोळे जड असताना. मांडणाऱ्याने ‘प्रेमाने आणि दुःखाने’ म्हटलंच! मी नेव्हिलच्या पाठीकडे बघत होते. ऊठ, ऊठ, ऊठ.

उठला. कागद उघडला. पहिली ओळ वाचली, “वारगुलपासून सर्वांत जवळचं चर्च अडतीस किलोमीटरवर आहे.” मग थांबला. किती वेळ! मला वाटलं, चष्मा विसरला. मग कागदाची घडी घातली आणि म्हणाला, “पुढचं अ‍ॅव्हिस टकवेलने लिहिलंय. चांगलं लिहिलंय. तिने त्या चर्चसाठी जेवढं केलंय तेवढं इथल्या कोणीच केलेलं नाही. एवढंच.” आणि बसला! मुद्दे तीन, त्यातला अर्धा सांगितला. माझं कौतुक कोणी मागितलं होतं?

मग मेलेबाईंनी कार्डं दाखवायला सांगितली. हॉलभर नारिंगी. ते अपेक्षित होतं. इकडेतिकडे चार-सहा निळी, भली माणसं. मी फक्त आमची रांग बघत होते. नेव्हिलचे दोन्ही हात मांडीवर, कार्डं खुर्चीखाली. आणि लोर्नाने —

लोर्नाने नारिंगी धरलं. दोन्ही हातांनी. छातीशी नाही, चांगलं वर.

मेलेबाईंनाही ते दिसलं. त्या थांबल्या. “वारगुलच्या भगिनी, तुम्हांला काही सांगायचं आहे का? घाई नाही.” पूर्ण हॉल वळला. लोर्ना उभी राहिली. मला वाटलं, आता चूक सुधारेल. ती म्हणाली, “नाही, धन्यवाद. जेवण फार छान होतं.”

ठराव मंजूर. निळीवाल्यांना विचारलं, तुमचं ऐकलं गेलं ना, हे सोसवेल ना. ते हो म्हणाले. मला कोणी विचारलं नाही.

परतीला मी मागच्या सीटवर. वारगुलची धान्याची कोठारं दिसायला लागली तेव्हा मी म्हटलं, “लोर्ना, ते नारिंगी होतं.”

“हो गं,” ती म्हणाली. “माहीत आहे मला.”

नेव्हिलने रेडिओ लावला. फाटकाशी उतरले, डबा तसाच त्याच्या गाडीत राहिला. सँडविच कोणी खाल्लेच नव्हते. साठ वर्षांची मैत्रीण! तोंडावर एक, आणि शंभर माणसांसमोर दुसरं. उद्या सकाळी उपासनेच्या आधीच तिच्या दारात जाणार आहे आणि सगळं बोलणार आहे. जॅम दिला तर फेकून देईन.

२१ ऑक्टोबर, रविवार

सव्वाआठला लोर्नाचं घर बंद. कुंपणापलीकडची बाई म्हणाली, “रविवारी ती या वेळी टार्कनलाच असते की. हॅमिल येतो न्यायला. तुला ठाऊक नाही?”

गेले तशीच. अडतीस किलोमीटर. टार्कनच्या चर्चबाहेर आमच्या सगळ्यांच्या गाड्या — नेव्हिलची युट, ती मागे उघडी असलेली, झाडून सगळ्या. सातच्या सात माणसं.

नेव्हिल दाराशी होता. मला बघून टोपी काढली. “दोन वर्षं झाली, अ‍ॅव्हिस. मर्व्ह गेल्यापासून. इथे पाळक आहेत, मुलं आहेत. नऊला हे करतो, मग अकराला तुझ्याकडे.”

“दर रविवारी दोनदा?”

“तू एकटीच दार उघडून बसली असतीस. सांगायला कोणाला जमेना. शेवटी लोर्ना म्हणाली, मी कार्ड दाखवते.”

खूप बोलायचं ठरवून आले होते. आत गीत सुरू झालं होतं. गेले. लोर्नाने पिशवी मांडीवर घेतली आणि सरकून जागा केली.