'राजीखुशीने' हा शब्द वगळून

मी, ॲड. दानेश्वरी रुद्रप्पा बिराजदार, वय ७१, राहणार जुळे सोलापूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, पण घाबरत घाबरत लिहिते आहे. 'राजीखुशीने' हा नेहमीचा शब्द मुद्दाम गाळला आहे. आमच्या सिद्धरामाची गड्ड्याची यात्रा उठली की माझे हृदयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, "मॅडम, काळजी करू नका." असे म्हणणाऱ्यांची मला वकिलीपासूनच धास्ती आहे.

१. काळजी माझी अशील बाळाबाई हिची आहे. माहेर मंद्रूप, दिली श्रीपूरला. बाप गेल्यावर भावांनी बोलावून घेतले, पुरणपोळी केली, ओटी भरली आणि 'वारसनोंदीला अंगठा पाहिजे' म्हणून कागद पुढे केला. ते हक्कसोडपत्र होते. 'राजीखुशीने हक्क सोडते' असे त्यात लिहिलेले. समोरचे वकील कोर्टात त्याच शब्दावर बोट ठेवतात. पुढच्या महिन्यात बाळाबाईचा उलटतपास आहे. तेव्हा मी नसले तर? फी भरून दुसरा वकील लावायची तिची ऐपत नाही, आणि एकटी उभी राहिली तर तिची बोबडी वळेल. सिद्धरामा, मला झोप नाही रे.

२. म्हणून माझा फ्लॅट भाड्याने द्यावा आणि त्या भाड्यातून, गोरगरिबांचे दावे विनाफी चालवणाऱ्या नव्या वकिलाला फेलोशिप द्यावी. व्यवस्था शेजारच्या अजीजा मुजावर पाहतील. त्या कुणाला बधत नाहीत, हे मी जिन्यातल्या भांडणांवरून सांगते. अट एकच: अशिलाला कागद वाचून दाखवावा, त्याने तो आपल्या शब्दांत परत सांगावा, मगच अंगठा घ्यावा.

३. पहिली फेलोशिप माझी ज्युनिअर फिरदोस शेख हिला. यंदाच सनद मिळाली आहे. पुण्याच्या कंपनीतून तिला फोन येतात, मला ठाऊक आहे. बाई गं, पोट कुणाला चुकलंय? उपाशी राहून गरिबांची वकिली कर, असे मी सांगणार नाही. त्यासाठीच हा फ्लॅट. माझा काळा कोटही घे, बाह्या उसवून लांब कर. बाळाबाईला मात्र सोडू नकोस.

४. बाररूममध्ये मला 'फुकटवाली बाई' म्हणणारे ॲड. सिद्धलिंगप्पा यांना माझे भिंग. ते हक्कसोडपत्र त्यांनीच लिहिले होते. यापुढे अंगठा घेताना त्यांनी आधी अशिलाचे तोंड पाहावे.

५. भाचा प्रभुलिंग. "आत्या, फ्लॅटचं काय ठरवलंस?" हे तू दर फोनला विचारतोस, तब्येतीच्या आधी. माझ्या वडिलांचे शेत तुमच्याकडेच आहे, मी कधी मागितले नाही. या पत्रात तुला काही नाही, म्हणूनच तू साक्षीला हवास. उद्या 'आत्याला भ्रम झाला होता' असे तुला म्हणता येणार नाही. रागव हवा तर. लहानपणीही रुसून शेवटी माझ्याच ताटात जेवायचास.

सह्यांआधी फिरदोसने हे सगळे मोठ्याने वाचले. प्रभुलिंगने पेन उचलले, पण सही करायचे सोडून पाचवे कलम पुन्हा वाचत बसला. शेवटी बाळाबाईनेच विचारले, "तुमी राजीखुशीनं करताय न्हवं सही?"

"राजी न्हाई, मावशी," तो म्हणाला. "पण वाचून करतोय की."

त्याचे हे उत्तर त्याच्यासमोरच इथे लिहून घेतले आहे.

सोलापूर, दि. १८ जानेवारी २०२६

लिहून ठेवणार: दानेश्वरी रुद्रप्पा बिराजदार

साक्षीदार:
बाळाबाई व्हनमाने, निशाणी डावा अंगठा (ऐकून, परत सांगून)
प्रभुलिंग बिराजदार, सही (वाचून, नाराजीने)